रोज डोकं तासणाऱ्यांच्या रोजच्या अडचणी

माळरान

केस कसे टिकवावेत यावर चर्चा भरपूर झाल्या आहेत. पण उरलेले केसही काढून कायमचा गोटा ठेवायचा हे ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांना पुढे रोज काय काय सांभाळावं लागतं हे कुणी सलग लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा धागा. गोटा केल्यावर माणूस कसा दिसतो हा विषय इथे नको. मला बोलायचंय ते केस गुपचूप करत असलेल्या कामांबद्दल. केस गेले की ती कामं आपल्यावर येऊन पडतात.

पहिलं काम सावध करण्याचं. केसाच्या मुळाशी मज्जातंतू असतात. केसाचं टोक कशाला लागलं तरी कळतं आणि मान आपोआप खाली जाते. केस नसले की ही सूचनाच येत नाही, कळतं ते थेट आपटल्यावर. मी बांधकामाच्या साइटवर असतो. तिथे हेल्मेट असतं, त्यामुळे लागतं ते घरी: स्वयंपाकघरातल्या कपाटाचं उघडं राहिलेलं दार, गाडीच्या डिकीचं झाकण, जिन्याखाली पंप सुरू करायला वाकलो की वरची पायरी. साधं खरचटलं तरी रक्त भरपूर येतं आणि खपली पुढचे आठ दिवस सगळ्यांना दिसत राहते.

ऊन म्हणजे काय, ते सोलापूरकराला समजावून सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो. दुपारी थोडा वेळ उघड्या डोक्याने उभं राहिलं की संध्याकाळी आंघोळीचं पाणीही चुरचुरतं, आणि चार दिवसांनी पापुद्रे निघायला लागतात. गांधी टोपी माथा झाकते, पण कान, मान, कपाळ उघडंच. आमच्याकडचे मेंढपाळ मुंडासं का बांधतात ते मला गोटा ठेवायला लागल्यावर कळलं. सावली, घाम टिपणं आणि डोक्याला गादी, हे सगळं एकाच कापडात होतं.

घामाचं तर विचारू नका. केस घाम धरून ठेवतात, सावकाश वाळवतात. गोट्यावरून तो सरळ भुवया ओलांडून डोळ्यात उतरतो. सनस्क्रीन लावलेलं असलं तर डोळे असे झोंबतात की हातातलं काम सोडावं लागतं. परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं.

मग खुंट. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आज सकाळी वस्तरा फिरवला तर उद्या हाताला खरखर लागणारच. त्या खुंटांना उशीचा अभ्रा अडकतो, बनियन काढताना अडकतं.

पण या सगळ्यापेक्षा जास्त थकवतात ते लोकांचे प्रश्न. आपल्याकडे गोट्याला अर्थ आहे. घरात कुणी गेलं असेल, तिरुपतीला नवस फेडला असेल, नाहीतर आजारपण असेल. कुणी सोयीसाठी करत असेल, हे मनातच येत नाही. साइटवर नवा ठेकेदार आला की आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, घरी काय झालं?" त्याचा हेतू चांगला असतो, म्हणून उत्तर नीट द्यावं लागतं, आणि काही झालेलं नाही म्हटलं की तोच ओशाळतो. माझे आईवडील दोघेही आहेत. आईसमोर हा प्रश्न आला की तिचा चेहरा उतरतो. आईबाप असताना गोटा करू नये असं ती लहानपणापासून ऐकत आलेली आहे. तिची समजूत कशी घालायची हे ज्यांना जमलंय त्यांनी जरूर लिहा.

पिंपळपान

उन्हाळा तोंडावर असताना धागा आला, बरं झालं. कपाटाच्या दाराला अनुमोदन. आमच्या घरी आता दारं आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या बसवून घेतल्या आहेत.

खडकवासला_रोड

दुचाकीवाल्यांसाठी लिहितो. केस होते तेव्हा घेतलेलं हेल्मेट गोटा केल्यावर सैल होतं. ब्रेक मारला की पुढे सरकून भुवयांवर येतं. सैल हेल्मेट आदळल्यावर डोक्यावर राहीलच याची खात्री नाही, तेव्हा गोट्यावरच घालून, पट्टा लावून, मान जोरात हलवून माप बघा आणि नवीन घ्या. आयएस ४१५१चा (दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक) शिक्का असलेलंच घ्या.

दुसरा त्रास वासाचा. मध्ये केस नसल्यामुळे आतला फोम घाम थेट पितो. काढून धुता येणारं अस्तर असलेलं मॉडेल घ्यावं आणि खाली पातळ सुती टोपी घालावी. अशा दोन-तीन टोप्या ठेवल्या की रोज धुतलेली मिळते. पावसाळ्यात अस्तर वाळत नाही, तेव्हा तर या टोप्यांशिवाय गत्यंतर नाही. ओल्या अस्तराने माझ्या कपाळाच्या वरच्या कडेला पुरळ उठलं होतं.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे, कुणाचं निदान इथे करता येणार नाही.

उन्हासाठी कापड हा पहिला उपाय आणि क्रीम दुसरा, हे मी मुद्दाम आधी सांगतो. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन चांगलं काम करतं, पण घाम आला की ते टिकत नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. साइटवर, शेतात, डिलिव्हरीच्या कामात ते कुणाला जमणार? म्हणून टोपी, पंचा, मुंडासं. क्रीम लावायचं तर कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू सोडू नका, उन्हाने पोळलेले लोक बहुतेक तिथेच पोळलेले असतात. डोळे झोंबत असतील तर झिंक ऑक्साइडवालं वापरून बघा. त्याचा पांढरट थर दिसतो, पण ते डोळ्यांना सहसा कमी झोंबतं.

आपल्या वर्णाला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच कमी आहे. तरीही वर्षानुवर्षं उघड्या डोक्याने उन्हात राबलेल्या माणसांच्या माथ्यावर खरखरीत, न जाणारे चट्टे होऊ शकतात. आठवडे उलटूनही न भरणारी जखम, आपोआप रक्त येणारा किंवा आकार बदलणारा तीळ दिसला तर दाखवायला या. माथा स्वतःला दिसत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा घरच्या कुणाला तरी उजेडात बघायला सांगा.

आता पुळ्यांबद्दल. खूप जवळून तासलेला केस कातडीच्या आत मागे सरतो आणि वाढताना बाहेर येण्याऐवजी आतच वळतो. कुरळे केस असणाऱ्यांना हा त्रास जास्त. तिथे लाल, दुखऱ्या पुळ्या येतात. त्यावर खरा उपाय म्हणजे तुळतुळीतपणाचा हट्ट सोडणं: ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवले की बहुतेकांच्या पुळ्या थांबतात. ज्यांना वस्तराच हवा त्यांनी आधी गरम पाण्याचा टॉवेल ठेवावा, कातडी ताणू नये आणि एकाच जागेवरून परत परत पातं फिरवू नये. मानेवर मागे, जिथे केस संपतात तिथे, काही जणांना कडक गाठी येतात आणि दुर्लक्ष केलं तर त्यांचे व्रण कायम राहतात. तिथे वस्तरा लावणं थांबवून लवकर दाखवा.

कळकळीची विनंती: औषधाच्या दुकानातून चार-पाच औषधं एकत्र असलेलं मलम आणून पुळ्यांवर चोळू नका. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, संसर्ग चिघळतो, आणि मलम सोडलं की सगळं दुपटीने परत येतं. ओपीडीत मी याचे परिणाम सतत बघतो आणि फार वाईट वाटतं, कारण मूळ त्रास अगदी किरकोळ असतो.

केस गेले म्हणजे कोंडा गेला असंही नाही. तो उलट उघडा पडतो, लालसर चट्ट्यांसकट. कोंड्याचा औषधी शाम्पू गोट्यालाही चालतो. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा.

कात्री_कंगवा

डॉक्टर साहेबांनी बरोबर सांगितलं. आमचं सलून साताऱ्यात, घरचा धंदा. आमच्या बाजूने सांगतो.

डोक्यावर भोवरा असतो आणि त्याच्याभोवती केस गोल फिरतात. म्हणजे सुलटा हात कुठला आणि उलटा कुठला हे दर दोन बोटांवर बदलतं. गिऱ्हाईक म्हणतं, "एकदम तुळतुळीत करा, बोट घसरलं पाहिजे." त्यासाठी उलटा हात मारावा लागतो. मग आठवड्याने तेच गिऱ्हाईक पुळ्या घेऊन येतं. मी रोजच्या माणसाला उलटा हात मारतच नाही, आधीच सांगतो.

नवीन माणूस खुर्चीत बसला की वस्तरा धरण्याआधी मी बोटांनी डोकं चाचपतो. तीळ, चामखीळ, जुन्या टाक्यांचा उंचवटा, सगळं बघून घेतो. साबणाचा फेस लावल्यावर यातलं काही दिसत नाही, म्हणून तुम्हीही आपणहून सांगत जा. आणि घाईत कधीच गोटा करून घेऊ नका. रविवारी दुकानात गर्दी असते, कारण आमच्याकडे सोमवारी दुकानं बंद, मंगळवारी, शनिवारी बरेच लोक केसाला हात लावू देत नाहीत. गोटा करणाऱ्याने बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी यावं, कारागीर निवांत असतो.

पातं तुमच्या डोळ्यांसमोर नवीन घालायला सांगा. यात संकोच करू नका, चांगल्या कारागिराला राग येत नाही. आमच्याकडे ब्लेड मधोमध मोडून अर्धं घालतात. उरलेलं अर्धं कागदात कोरं असतं, ते पुढच्या माणसाला चालतं, त्याची शंका घेऊ नका. शंका घ्यायची ती तुरटीची. एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या कापलेल्या जागेवर फिरवणारी दुकानं अजून आहेत. मी तुरटीचं पाणी करून कापसाने लावतो आणि कापूस टाकून देतो.

घरी करणाऱ्यांनी कानामागचा आणि मानेचा भाग दुसऱ्याकडून करून घ्यावा. सगळ्यात जास्त कापतं ते तिथेच.

त्वचावैद्य

तुरटीच्या खड्याबद्दल लिहिलंत, फार चांगलं केलंत. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातूनही पसरू शकतात. घरात बापलेकांनी एकच रेझर वापरणंही बंद करावं. हेपॅटायटिस बीची लस आहे, ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

बोरीबंदर

ऑफिसातल्या एसीचा झोत. माझी जागा बरोबर त्याच्या खाली आहे आणि दुपारपर्यंत डोकं जड होतं. एचआरकडे जागा बदलून मागितली तर कारण सांगताना अवघड वाटलं, पण सांगितलं आणि मिळाली. ज्यांना त्रास होतो त्यांनी सरळ मागा.

पावसाळ्यात लोकलच्या दारातून आत येणारे थेंबही थेट टाळूवर लागतात. खिशात लहान पंचा ठेवतो.

गोदाकाठ

माळरान, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांचा दहावा पंचवटीत झाला. भाऊ, चुलतभाऊ ओळीने क्षौराला बसले. माझा गोटा आधीपासूनचा. काका म्हणाले, "तुझं काय करायचं?" गुरुजींनी सांगितलं, विधी म्हणून वस्तरा फिरवला तरी पुरे. नाभिक दादांनी डोक्याला पाणी लावलं, वस्तरा फिरवला, मिशी काढली. तेवढ्यात झालं. माझ्या शेजारी धाकट्या भावाचे केस मांडीवर पडत होते आणि तो रडत होता. मला रडू आलं नाही. वस्तऱ्याखाली बसणं माझ्यासाठी रोजचंच होतं.

पुढे महिनाभर भावांना कुणीही भेटलं की थांबायचं. त्यांची डोकी नवी, फिकट, लगेच लक्षात येणारी. बसस्टॉपवर, बँकेत, भाजीवाल्याकडे माणसं विचारायची, "कोण गेलं?" आणि मग वडिलांबद्दल दोन शब्द निघायचे. कुणी म्हणायचं, फार शिस्तीचे होते. कुणी त्यांनी शिकवलेल्या गणिताची आठवण काढायचं. माझं डोकं रोजच्यासारखंच रापलेलं. मला कुणी काही विचारलं नाही. ओळखीची माणसंही सहज "काय, कसं काय" म्हणून पुढे जायची.

तुम्हाला जो प्रश्न नकोसा होतो, तो त्या महिन्यात मला हवा होता. रोज गोटा ठेवणाऱ्याकडून हे एक जातं आणि ते आधी कुणी सांगत नाही. मी नंतर वर्षश्राद्धापर्यंत कडेने उगवतील तेवढे केस वाढू दिले. लोक विचारायचे, केस का वाढवले? मग सांगायचो, वडील गेले. माझ्यासाठी तोच मार्ग निघाला.

माळरान

गोदाकाठ, हे मी वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलत बसले, त्यांच्या वडिलांच्या दहाव्याबद्दल. मनापासून आभार.

तुळशीवृंदावन

मी माळरानच्या आईच्या वयाची असेन. माझा थोरला मुलगाही गोटा ठेवतो. आईच्या बाजूने लिहिते.

भीती अपशकुनाची असते, पण तेवढीच नसते. लग्नकार्यात गोटा केलेला मुलगा शेजारी बसला की बायका मला हळदीकुंकू लावताना थबकतात. यांच्याकडे सुतक तर नाही ना, असा विचार त्यांच्या डोळ्यांत दिसतो. कुणी वाईट वागत नाही, पण तो एक क्षण आईला लागतो. नवऱ्याकडे बघून लोक माझी चौकशी करायला लागले आणि माझ्याकडे बघून नवऱ्याची, तेव्हा मला काही दिवस घराबाहेर पडू नये असं वाटायचं.

आमच्या मुलाने केलं ते सांगते. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने स्वतःच फोटो टाकला आणि लिहिलं, केस विरळ झाले म्हणून आता मी असाच राहणार आहे, घरी सगळे खुशाल आहेत. "घरी सगळे खुशाल" हे तीन शब्द सगळ्यांना पोचले आणि फोन येणं थांबलं. लग्नकार्यात तो फेटा बांधतो किंवा काळी टोपी घालतो, माझ्यासाठी म्हणून. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या आईला समजावू नका हो. तिच्या देखत दुसऱ्याला उत्तर तुम्ही पटकन, हसून, आधी द्या, म्हणजे तिला द्यावं लागत नाही. निम्मा त्रास तिथेच जातो.

अबोली

ताई, तुमचं वाचून लिहायचं बळ आलं. मी बाई आहे, ठाण्यात राहते आणि माझा गोटा आहे. आधी चाई पडली, एका जागी, मग चार जागी. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. चट्टे लपवत केस विंचरण्यात रोजची सकाळ जायची. मग उरलेले मीच काढून टाकले.

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं ऊन, घाम, कपाट हे माझ्याही वाट्याला आहेच. त्याशिवाय आमच्या अडचणी वेगळ्या आहेत. गुळगुळीत डोक्यावर ओढणी राहत नाही, पिन लावायला काही नसतं, देवळात पदर डोक्यावर घ्यायचा तर हाताने धरून ठेवावा लागतो. विग मुंबईच्या हवेत तासाभरात ओला होतो, खाली खाज सुटते, आणि तो सरकेल ही धास्ती लोकलच्या गर्दीत सतत असते. विग घालून मी जितकी घाबरलेली असायचे तितकी गोटा उघडा ठेवून कधीच नसते.

लेडीज डब्यात बायका उठून जागा देतात आणि हळूच विचारतात, "किमो चालू आहे का?" त्यांच्या मायेबद्दल मला तक्रार नाही. पण जागा घेतली तर खोटं वाटतं आणि नाकारली तर समोरची हिरमुसते. आता मी सांगते, "तब्येत चांगली आहे, केसांचाच आजार आहे, तुम्ही बसा." डब्यात खरंच किमोवर असलेली एखादी असेल तर तिला ती जागा मिळावी, असंही मनात असतं.

सगळ्यात कठीण गेलं ते सासरच्या गावी. माझ्या आजेसासूबाईंनी लहानपणी घरातल्या एका विधवा आजीला लाल आलवणात, डोक्यावर पदर ओढून, माजघरात बसलेलं पाहिलं होतं. केशवपनासाठी नाभिक मागच्या दाराने यायचा हे त्यांना आठवत होतं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९०मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस काढायचे नाहीत असं ठरवलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यानंतरही कितीतरी घरांत ते चालूच राहिलं, हे मला आजेसासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. मला पहिल्यांदा तसं पाहिल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि मला ठसठशीत कुंकू लावलं. माझा नवरा शेजारीच उभा होता. मला राग आला नाही. त्यांना जे दिसलं ते माझं डोकं नव्हतं.

बायकांसाठी डोक्यावर नीट बसणाऱ्या, न सरकणाऱ्या सुती टोप्या कुठे मिळतात? बाजारात सगळ्या पुरुषांच्या मापाच्या किंवा जाड लोकरीच्या.

शेगावकर

अबोली ताई, नमस्कार. मी शेगाव तालुक्यातला. जानेवारी २०२५मध्ये आमच्या भागात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. म्हातारे, तरणे, पोरी, लेकरं, सगळ्यांत. बऱ्याच जणांनी उरलेले केस वस्तऱ्याने काढूनच टाकले. हातात झुपके येताना रोज बघण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

आरोग्य विभागाची पथकं आली, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) माणसं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. पुष्कळांचे केस नंतर परत आले.

पण कारण कळेपर्यंतचे दिवस सांगतो. गोटा केलेला माणूस बाजाराला गेला की लोक चार हात लांब उभे राहायचे, लागट रोग समजून. माझ्या मावसभावाला तालुक्याच्या एका दुकानात दाढीला बसू दिलं नाही. कॉलेजच्या पोरी रुमाल बांधून घरात बसल्या. एकेकट्याला टक्कल पडलं तर ते त्याचं असतं. इथे टक्कल गावाचं झालं होतं, गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी डोक्याकडे बघायचा. कुणाचा गोटा दिसला तर त्याच्यापासून लांब सरकू नका, एवढंच आमचं म्हणणं आहे. टक्कल हात लावल्याने लागत नाही.

त्वचावैद्य

शेगावकर, बरोबर. चाईही हात लावल्याने पसरत नाही. बुरशीमुळे होणारा गजकर्णाचा प्रकार तेवढा पसरतो. लहान मुलांच्या डोक्यावर खपल्यांचे गोल चट्टे दिसले तर मुलाचा गोटा करून गप्प बसू नका. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने तो जात नाही.

टोरांटोची_मावशी

माझ्या यजमानांचा गोटा आहे, आम्ही टोरांटोत. इथल्या जानेवारीत लोकरीची टोपी लागतेच, पण ती खुंटांना अशी चिकटते की काढताना कातडी ओढली जाते. आम्ही आत सॅटिनचं अस्तर शिवून घेतलं, तेव्हापासून त्रास नाही. रात्रीही डोकं गार पडतं. पांघरूण मानेपर्यंत येतं, त्याच्या वर काय? पातळ कानटोपी घालूनच झोपतात.

शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून जाते असं इथेही सगळे सांगतात. ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, उष्णता जाते तीही साधारण तेवढीच. पण थंडी बोचते ती मात्र डोक्यालाच जास्त.

आगर_माड

आमच्या जुन्या कोकणी घराच्या चौकटी ठेंगण्या. बाहेरून आलेला गोटेवाला पाहुणा हमखास आपटतो. माजघराच्या चौकटीला वरच्या बाजूने काथ्याची जाड दोरी गुंडाळून ठेवली आहे. खोक पडली तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. हळद भरून पाठवू नका, टाके घालताना डॉक्टर ओरडतात.

दिवाळीत आदल्या दिवशी गोटा करू नका. पहाटेचं उटणं ताज्या वस्तऱ्यावर फार झोंबतं. दोन दिवस आधी उरकून घ्यावं. रंगपंचमीलाही तेच.

माळरान

आईला तुळशीवृंदावन ताईंचं लिखाण दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि ग्रुपवर फोटो तूच टाक म्हणाली. टाकला.

अबोली ताईंच्या टोप्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे आहे का? मलाही हेल्मेटखाली हव्यात.

सुईदोरा

माझं शिवणकामाचं दुकान आहे, इचलकरंजीत. किमोच्या पेशंटसाठी अशा टोप्या शिवते. घरी शिवता येतील अशा बेताने सांगते.

कापड मलमल किंवा बनियनचं होजियरी. हेल्मेटखाली होजियरी, एरवी मलमलचे दोन थर. सुती कापड आटतं, म्हणून आधी धुऊन, वाळवून मगच बेतायचं. माप भुवयांच्या वर दोन बोटं आणि कानांच्या वरून, मागे मानेच्या खळग्यापर्यंत गोल घ्यायचं. दुसरं माप कपाळापासून माथ्यावरून मानेपर्यंत. चार पाकळ्या कापून जोडायच्या. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत नाही, कारण उघड्या कातडीला शिवणीची कड दिवसभर घासते. कंपनीचं लेबल आत लावलेल्या तयार टोप्या त्याच कारणाने टोचतात, लेबल उसवून टाका.

इलॅस्टिक पूर्ण गोल घालू नका, कपाळावर वळ उठतो. फक्त मागच्या बाजूला चार बोटं घाला. आतून कपाळाच्या जागी मखमलीची अरुंद पट्टी लावली की टोपी गुळगुळीत डोक्यावरही सरकत नाही. अबोली ताई, तुमच्यासाठी त्याच पट्टीच्या वर बाहेरून दोन बारीक फासे लावता येतील, म्हणजे ओढणीची पिन त्यात अडकेल आणि पदर हाताने धरावा लागणार नाही. कान झाकायचे की उघडे ठेवायचे तेवढं इथे लिहा, मी कागदावर बेत काढून त्याचा फोटो टाकते.